एक घर खाली

आधीच सांगून टाकते, आजारपणात मी शूर वगैरे अजिबात नव्हते. भेटायला येणारे सगळे "तुम्ही तर वाघीण आहात" म्हणून जायचे आणि मी मनात म्हणायचे, वाघिणीला दिवसभर बादली जवळ घेऊन बसावं लागत नाही. मी घाबरट होते, चिडचिडी होते, आणि जवळच्या माणसांवर मनसोक्त तोंडसुख घेत होते. आता औषधं थांबून बराच काळ झाला. तपासण्या ठीक येतात. केसही परत आले, आणि जन्मभर सरळ होते ते आता कुरळे आलेत.

ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यातही पेशंटपेक्षा पेशंटच्या उशाशी बसलेल्या माणसाची मला जास्त काळजी आहे. माझ्या उशाशी माझी मोठी बहीण बसली होती.

मी कामरगावात राहते. बाजाराच्या रस्त्याला माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, फॉल, अस्तर, लेस, दोरे, सगळं मिळतं. मिस्टर वायरमन आहेत, मुलगा पुण्यात नोकरी करतो. बहीण निर्मला मानोऱ्याला असते. अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त आहे. भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि शुगर जुनी. मी तिला ताई म्हणते. ती फार बोलत नाही, तिच्या वाटचंही मीच बोलते.

अर्धी फुलं

कापडी पुस्तकाचं खूळ आजाराच्या आधीचं, आणि ते माझंच. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना फोनवर एक व्हिडिओ पाहिला. विलायतेत क्वेकर नावाचा ख्रिस्ती लोकांचा एक पंथ, साधं राहणारा, भपका टाळणारा. त्यांच्या शाळांतल्या मुली फार पूर्वी शिवण शिकताना नमुन्याचं कापड भरत. पुष्कळदा एकाच रंगाचा दोरा. त्यात अष्टकोनी फुलं, समोरासमोर बसलेले पक्षी, आणि फुलांच्या पोटात मैत्रिणींच्या नावांची अक्षरं. कडेची फुलं मात्र अर्धीच. कापड संपलं म्हणून नव्हे, मुद्दाम अर्धी.

मी ताईला व्हिडिओ दाखवला. तिने तो परत लावायला सांगितला.

"या पोरी अर्धं फूल काहून काढत असतीन?" तिने विचारलं.

"मले काय मालूम? पद्धत असंन त्याईची."

ताईने थोडा विचार केला. "दुसरं अर्धं मैत्रिणीपाशी असंन," ती म्हणाली.

हे खरं की खोटं, मी शोधायला गेले नाही. मला ते इतकं आवडलं की आमचं पुस्तक तिथेच ठरलं. दुकानातली पांढरी मॅटी, दोरा एकच, मरून. काही पानं तिने भरायची, काही मी. आमच्या माणसांची अक्षरं फुलांत घालायची. मधल्या जोडपानावर एक मोठं फूल, अर्धं माझ्या पानाच्या कडेला, अर्धं तिच्या पानाच्या कडेला. माझ्या अर्ध्यात 'नि', तिच्या अर्ध्यात 'वै', म्हणजे वैशाली, म्हणजे मी. पुस्तक उघडलं की फूल पुरं व्हायला हवं.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅटीच्या विणीत चौकोनी घरं दिसतात. एका घरात एक फुली घालायची. कापडावर काही छापलेलं नसतं. नक्षी कागदावर पाहायची आणि कापडावर घरं मोजत जायचं. सुरुवातीला एक घर चुकलं तर अख्खं फूल एक घर सरकतं, आणि ते संपेपर्यंत कळतही नाही. मग उसवायचं. आम्ही दोघी सारखाच कागद वापरत होतो आणि पानाच्या वरच्या कडेपासून खाली मोजत होतो, म्हणजे दोन्ही अर्धी समोरासमोर येतील.

गाठ

छातीतली गाठ मला अंघोळीत लागली. लग्नसराई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तिला थांबवून ठेवलं. हे चुकलंच. गाठ लागली की त्याच आठवड्यात दाखवा, फॉल-पिको कुठे पळून जात नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर मिस्टरांना म्हणाले, "मॅडमना जरा बाहेर बसू द्या." मी म्हटलं, "गाठ माझी आहे, मी आतच बसते." आवाज चढला होता माझा. मग त्यांनी मलाच सांगितलं. ऑपरेशन, किमो, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं नीट समजावलं असणार. मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही. त्यांच्या टेबलावरचं प्लास्टिकचं फूल धुळीने भरलं होतं, तेवढं आठवतं.

बाहेर आल्यावर मिस्टर संत्र्यांच्या गाडीसमोर उभे राहिले आणि संत्री घेत सुटले. पिशवी भरली, दुसरी घेतली. आमच्या घरी खाणारी माणसं दोन. जीपमध्ये कामरगाव येईपर्यंत ते पिशव्या मांडीवर धरून बसले. मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांना हात रिकामे ठेवता येत नव्हते.

घरी येऊन मी ताईला फोन केला. मी रडत होते, तिला काही समजलं असेल असं वाटत नाही.

"थांब," ती म्हणाली. "मी येऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी मानोऱ्याहून कारंजा, कारंजाहून जीप, असं करत ती दुपारी दारात उभी राहिली. पिशवीत साड्या, तिच्या शुगरच्या गोळ्या, आणि अर्धवट भरलेली मॅटी. ती काही दिवसांसाठी आली असं मला वाटलं होतं. ती वर्ष उलटून गेलं तरी माझ्यापाशीच होती.

स्टुलावरची ताई

ऑपरेशनला नेताना तिने माझ्या कानापाशी त्रिशरण म्हटलं आणि वर एवढंच म्हणाली, "घाबरू नोको, मी अटीच हावो." परत आणलं तेव्हा ती तिथेच होती, दाराजवळच्या खुर्चीत.

मग किमो. पहिली लाल औषधाची. वॉर्डात ओळीने पलंग, प्रत्येकीच्या हाताला नळी, आणि प्रत्येक पलंगाजवळ नातेवाइकाचं एक लोखंडी स्टूल. त्याला पाठ नसते. पेशंटला पलंग मिळतो, उशी मिळते, सिस्टर येऊन विचारतात, मळमळतंय का. स्टुलावरच्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नाही.

जिभेची चव गेली. वरण मातीसारखं लागायचं, चहा लोखंडासारखा. ताई ज्वारीच्या कण्या ताकात कालवून डब्यात आणायची, त्या तेवढ्या पोटात राहायच्या. ती चमच्याने भरवायची आणि मी तिसऱ्या चमच्यालाच तोंड फिरवायचे. "अजून एक," ती म्हणायची. "तूच खाय," मी म्हणायचे. मग उरलेलं ती खायची. तिच्या शुगरच्या वेळा, तिच्या जेवणाच्या वेळा, सगळं माझ्या सलाइनवर चालायचं.

त्या वॉर्डात आम्हाला सांभाळलं ते मॅटीनं. नळीतले थेंब पाहत बसलं की डोकं फिरतं. घरं मोजायला लागलं की दुसरं काही सुचत नाही. शेजारच्या पलंगांवरच्या बायका वाकून बघायच्या, कुणी आपलं अक्षर घाला म्हणायची. एका पानाच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी आम्ही लहान लहान फुलं काढली आहेत. त्यातली काही अक्षरं आज हयात नाहीत.

एकदा ताई सकाळपासून सुईत दोरा ओवत होती, तो काही जाईना. मी म्हटलं, "चष्मा बदल बाप्पा तुहा."

"हाव, बदलतो," ती म्हणाली.

"डोये दाखवाले जाणार होती ना तू?"

"दाखवले. ठीक हायेत म्हने."

मी पुढे विचारलं नाही. मला उलटी येत होती.

बोटं

लाल औषध संपलं आणि दुसरं सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याने बोटांना मुंग्या येतील. मुंग्या आल्या, आणि मग त्याही गेल्या. बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं. सुई हातात आहे की नाही ते पाहूनच कळायचं. रक्ताचा ठिपका मॅटीवर पडला की मग टोचलेलं समजायचं.

माझं हातावर पोट. कापड दोन बोटांत धरून मी सांगायचे, हे कॉटन, हे मिक्स. ते गेलं म्हणून मी हॉस्पिटलभर ऐकू जाईल अशी रडले आणि मॅटी भिंतीवर फेकून मारली. ताईने उठून ती आणली, झटकली, सुई शोधली आणि कापड माझ्या पायाशी ठेवून दिलं.

पुढच्या वेळी मीच ते परत घेतलं. मोठं अर्धं फूल मी त्याच बोटांनी पुरं केलं. 'नि' हे अक्षर घातलं आणि कापड छातीवर ठेवून झोपून गेले. जाग आली तेव्हा ताई तिचं पान उसवत होती. तिचं अर्धं फूल कधीच तयार झालं होतं, मी पाहिलं होतं.

"काय उसवून राह्यली?"

"चुकलं थोडं."

"तुह्यं अन् चुकलं?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जन्मभर तिचं कधी चुकलं नव्हतं. ती कापड नाकाला लावून एक एक फुली कातरीच्या टोकाने काढत होती. मी परत झोपले.

जुळवणी

शेक संपले, मी जरा हिंडूफिरू लागले, तेव्हा ताई मानोऱ्याला परत गेली. तिची पानं ती घेऊन गेली, म्हणाली, थोडं राहिलंय. मी दुकान उघडायला लागले. एका दुपारी काउंटरवर माझं पान पसरलं, कागदाशी ताडून पाहिलं, आणि लक्षात आलं की मोठं अर्धं फूल मी एक घर खाली सुरू केलं होतं. सगळंच्या सगळं एक घर खाली.

ताईला दिसण्याआधी दुरुस्त करायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आजारी होती म्हणून चुकली, असं कुणी म्हणायला नको होतं मला. मी अख्खं अर्धं फूल उसवलं आणि एक घर वर चढवून पुन्हा भरलं. बोटं अजून बधिर होती, दुकानाचं काम होतं, बरेच दिवस गेले. पण झालं, आणि चोख झालं. ताईला यातलं काही सांगितलं नाही.

ती सगळी पानं घेऊन आली. आम्ही काउंटर रिकामा केला, दोन्ही पानं कडेला कड लावून ठेवली. फूल जुळेना. मध्ये सरळ पायरी पडली होती. तिचं अर्धं एक घर खाली.

"ताई, तुह्यं चुकलं," मी म्हटलं. "एक घर खाली आलं पाय. मी मरत पडली होती तरी बराबर मोजलं, अन् तू..."

मिस्टर दारात उभे होते. ते म्हणाले, "वैशाली, जाऊ दे ना." मला जाऊ द्यायचं नव्हतं. मी कागद काढून तिच्यापुढे धरला, मोजून दाखवलं.

ताईने माझं पान उचललं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. मग खाली ठेवलं.

"असंन बाप्पा," ती म्हणाली. "डोये आता पयल्यासारखे नाई राह्यले."

"मंग दाखव ना डोये! किती दिवस झाले बोलून राह्यली मी!"

"दाखवतो," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. काळजीचं वाक्यसुद्धा मी तिच्या अंगावर टाकलं होतं.

पडदा

त्यानंतर काही आठवड्यांनी तिचा फोन आला. "उजव्या डोयानं दिसून नाई राह्यलं, वैशू. कायंकुट्ट उतरलं डोयापुढं." मी आणि मिस्टर मानोऱ्याला जाऊन तिला घेऊन अमरावतीला गेलो. या वेळी पेशंटच्या खुर्चीत ती होती आणि बाजूच्या स्टुलावर मी.

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं होतं. उजवा गेल्यासारखाच, डावा टिकवायचा प्रयत्न करू, म्हणाले. मग जुने कागद पाहून त्यांनी विचारलं, "तुम्हाला तपासणीला बोलावलं होतं, आला नाहीत?"

"नाई जमलं," ताई म्हणाली.

"का?"

डॉक्टरांना उत्तर मिळालं नाही. मला मिळालं. कागदावरच्या तारखेला मी लाल औषधावर होते आणि ती माझ्या तोंडात कण्यांचा चमचा घालत होती. 'दाखवले, ठीक हायेत' हे ती मला म्हणाली होती, आणि मला ते ऐकायला सोयीचं होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, खोटं काहून बोलली मले?"

"तू आली असती काय माह्यासंग? नळी लावून?"

मला खूप वाईट वाटलं. आजही वाटतं. माझी गाठ गेली, केस आले, आणि तिचे डोळे माझ्या आजारपणात खर्ची पडले. कुणी म्हणेल शुगर होती, कधीतरी झालंच असतं. असेल. पण वेळेवर गेली असती तर इतकं झालं नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते मी ऐकलंय.

पाठ

ताई आता आमच्याकडेच राहते. ती आली त्या आठवड्यात मी पुस्तक शिवायला काढलं, न जुळलेलं तर न जुळलेलं. कापडी पुस्तकात दोन पानं पाठीला पाठ लावून शिवतात, मध्ये बकरमचं कडक कापड घालतात. गाठी, ओढलेले दोरे, सगळा पसारा आत जातो आणि परत कधी दिसत नाही. त्याआधी पानं उलटी टाकून इस्त्री करावी लागते.

मी ताईचं पान उलटं टाकलं आणि इस्त्री हातातच राहिली. उसवलेला टाका पूर्ण जात नाही. घराच्या भोकांत दोऱ्याची लव अडकून राहते. तिच्या अर्ध्या फुलाच्या वर, बरोबर एक घर वर, मरून लवेची कड दिसत होती. तिने फूल आधी योग्य जागी काढलं होतं. नंतर उसवून मुद्दाम एक घर खाली उतरवलं होतं.

वॉर्डातली ती दुपार मला आठवली. मी कापड छातीवर ठेवून झोपले होते. तिने माझं पान उचलून आपल्या पानाशेजारी ठेवलं असणार, माझी चूक पाहिली असणार, आणि मला सांगण्याऐवजी स्वतःचं बरोबर काम, रक्त उतरत असलेल्या डोळ्यांनी, माझ्या चुकीशी जुळवलं होतं. आणि मी माझी चूक गुपचूप सुधारून वर तिलाच बोलले होते.

ती ओट्यावर उन्हात बसली होती. मी पान घेऊन तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, "ताई, सांगतलं काहून नाई?"

काय ते तिला लगेच कळलं. "तवा सांगतलं असतं त तू पुन्हा भिंतीवर मारलं असतं."

"अन् दुकानात बोलली मी तवा?"

"तवा काय सांगू? तू इतक्या मेहनतीनं वर चढवलं." मग तिला हसू आलं. "म्हंजे पाय, तू वर गेली अन् मी खाली आली. कुठं भेटनार?"

मला हसू आलं नाही. मी रडले, आणि या वेळी तिने रडू दिलं.

मग मी माझं अर्धं फूल परत उसवलं. ती नको म्हणत होती. पण तिचं अर्धं तिच्या हातचं शेवटचं काम आहे, त्याला मी सुई लावणार नव्हते. माझी बोटं अजून पुरती परत आलेली नाहीत, डॉक्टर म्हणतात येतीलच असं नाही. मला सुई दिसते पण लागत नाही. म्हणून ताई जवळ बसायची आणि कापडाखाली बोट धरून सांगायची, "आली वर," किंवा, "नाई, बाजूच्या घरात शिरली." एक एक फुली करत मी माझं फूल पुन्हा एक घर खाली आणलं, जिथे ते आजारपणात होतं.

तुमच्या उशाशी जे कुणी बसलं असेल त्याला आज विचारा की तुझं औषध घेतलंस का, तुझी तारीख कधी आहे. ते 'ठीक आहे' म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका. कागद मागून घ्या. तुमची एक किमो दोन दिवस पुढे जाऊ शकते का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. मी विचारलं नव्हतं.

पुस्तक शिवून झालं तेव्हा जांभळ्या खणाचं कव्हर घातलं आणि मधलं पान उघडून ताईच्या मांडीवर ठेवलं. तिने 'नि' वरून बोट फिरवलं, मधली घडी ओलांडली, 'वै' पर्यंत गेली, परत आली. पायरी कुठे लागते का ते पाहत होती.

"जुळलं," ती म्हणाली.

तिने मान वाकडी करून डाव्या डोळ्याजवळ पान नेलं, जरा वेळ धरून ठेवलं, आणि खाली ठेवलं.

"वैशू, रंग फिका पडला काय गं?" तिने विचारलं.

दोरा चांगला होता. मरून होता तसाच गडद होता. "हाव," मी म्हटलं, "धुतल्यानं थोडा पडला."

"वाटलंच मले," ताई म्हणाली.